आवाजाच्या जागी गाणं

नंदुरबारला नोकरी लागली आणि मी खोली बघायला नानांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी मला भाड्याचं काही विचारलं नाही. फाटक किती वाजता बंद होतं तेही सांगितलं नाही. खुर्चीवर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमना लगीननी कॅसेट शे का?"

मी म्हटलं, माझं लग्नच झालेलं नाही.

नानांचा चेहरा एकदम उतरला. "मंग आपण देखसूत काय?"

मी सांगलीकडची. हा माणूस कुठली भाषा बोलतोय हे कळायलाच मला वेळ लागला, आणि काय बोलतोय हे कळल्यावर वाटलं की गपचूप उठावं आणि दुसरी खोली शोधावी. पण खोलीला दोन्ही बाजूंनी वारा होता, कॉलेज चालत जाण्यासारखं होतं, आणि बाहेर एप्रिलचं ऊन असं की दुसरी खोली बघायला निघायचा धीर झाला नाही. राहिले. राहिले ती पुढची कित्येक वर्षं राहिले. भूगोल शिकवायला आलेली बाई मी, पण या जिल्ह्याचा निम्मा भूगोल मी नानांच्या टीव्हीवर, लोकांच्या लग्नांत पाहिला.

नाना लग्नाची शूटिंग करायचे. मी गेले तोवर त्यांनी ते काम सोडलं होतं, पण गावात त्यांची ओळख 'शूटिंगवाले नाना' हीच होती. खालच्या पुढच्या खोलीत त्यांचा सगळा संसार मांडलेला असे: दोन व्हीसीआर, एक टेप, आवाज मिसळायचा एक लहानसा मिक्सर, खोक्यासारखा टीव्ही आणि भिंतभर कॅसेटी. व्हीसीआरना त्यांनी नावं दिली होती, थोरली आणि धाकली. थोरली कॅसेट वाजवायची, धाकली उतरवून घ्यायची. धाकलीवर त्यांचा जीव जास्त. तिच्यावर विणलेला रुमाल असे. थोरलीच्या अंगावर धूळ असली तरी चाले. आता त्या खोलीत मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे, आणि मी तिथून जाताना आत बघायचं टाळते.

माणसाला आवडीनिवडी असतात, नानांच्या मात्र निकालासारख्या होत्या, त्यावर अपील नाही. जगातलं सगळ्यात चांगलं बटण कुठलं? पॉज. का? तर ते बिचारं काही मागत नाही, नुसतं थांबवतं. सगळ्यात गोड आवाज कुठला? व्हीसीआर कॅसेट आत ओढून घेतो तो. सगळ्यात भारी करामत? गुलाबाचं फूल उमलतं आणि त्यातून नवरी निघते, ती. त्याच्या खालोखाल पृथ्वीचा गोळा फिरत येतो आणि त्यावर नवरा-नवरी हात धरून उभे असतात, ती. एकदा मी म्हटलं, नाना, तुमची पृथ्वी उलटी फिरतेय, सूर्य पश्चिमेला उगवेल. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "लगीनना दिवस शे मॅडम, उगू द्या."

नव्या शूटिंगवाल्यांबद्दल त्यांना काडीचाही आदर नव्हता. गल्लीतला एक तरुण ड्रोन घेऊन दाखवायला आला होता. नानांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, पंखा बोटानं फिरवून पाहिला आणि परत दिलं. "याले वरथीन काय दिखस? निस्ते टकले."

पण नानांचं खरं वेड म्हणजे गाणी. लग्नाच्या कोणत्या प्रसंगाला कोणतं गाणं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलेलं होतं. हळदीला ढोलकीचं. वरात निघाली की ते एक बँडवाल्यांचं आवडतं. जेवणाच्या पंगतीला हसरं, शिट्टी असलेलं. नवरी निघाली की शहनाईनं सुरू होणारं, आणि त्या शहनाईच्या पहिल्या सुराला पडद्यावर नवरीचा बाप आलाच पाहिजे, रडताना. हा त्यांचा हुकमी शॉट. अख्ख्या तालुक्यात रडणारा बाप नानांसारखा कोणी टिपला नाही, असं लोक अजूनही सांगतात. बाप खांबामागे लपला, मुतारीच्या आडोशाला गेला, तरी नाना कॅमेरा घेऊन त्याला गाठायचे.

आणि ही गाणी टाकायची म्हणजे मूळ आवाज काढायचा. मिक्सरवर दोन दांड्या होत्या, एक गाण्याची, एक कॅमेऱ्याची. नाना कॅमेऱ्याची दांडी खाली ओढायचे ती तळापर्यंत. मी एकदा विचारलं, की अहो, माणसं काय बोलत होती ते नको का ऐकायला?

"आवाज म्हंजे कचरा शे," नाना म्हणाले. "लगीनमा माणसं काय बोलतस? पाणी आण, खुर्ची सरकाव, मामा कोठे गया. कोण आयकस? गाणं टाकी दे, सगळं सोनं."

हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असे की पुढे वाद घालावासा वाटत नसे.

या सोन्याचा एकदा घोळ झाला होता. तो किस्सा नाना स्वतःच हसत हसत सांगायचे. धडगावकडच्या एका पाड्यावर त्यांना लग्नाला बोलावलं होतं. घाटातून जीपच्या टपावर सामान बांधून नाना गेले, शूटिंग केली, खाली येऊन नेहमीसारखी कॅसेट तयार केली, गुलाब, पृथ्वी, गाणी, सगळं घालून. काही दिवसांनी नवऱ्या मुलाचा काका तीच कॅसेट पिशवीत घालून जीपनं खाली उतरला. म्हणाला, "साहेब, यात आमचा ढोल नाही."

नाना म्हणाले, आहे की, तो बघा, वाजवतोय.

"दिसतो. ऐकू येत नाही. मोठा ढोल होता, लांबलांबच्या पाड्यांवर ऐकू गेला. हे कोण गातंय मध्येच?"

नानांनी त्याला दुसरं गाणं टाकून देतो म्हणून सांगितलं. त्याहून चांगलं, त्याहून महागाच्या कॅसेटीतलं. तो माणूस चहा प्यायला आणि कॅसेट तिथंच ठेवून निघून गेला. मूळ शूटिंग मागितली असती तरी द्यायला नव्हती. कॅमेऱ्याच्या कॅसेटीवर नाना पुढचं लग्न उतरवायचे, त्यावर पुढचं, पट्टी झिजेपर्यंत. सगळेच तसं करायचे तेव्हा, कोऱ्या कॅसेटी परवडत नसत.

"ढोल पाहिजे व्हता त्याले," नाना हसायचे. "गाणं सोडीसन ढोल."

मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. पण भाडेकरूनं किती बोलावं यालाही मर्यादा असते.

आता जिजींबद्दल सांगायला हवं. जिजी म्हणजे नानांची बायको. मी नंदुरबारला येण्याच्या थोडंच आधी त्या वारल्या होत्या, म्हणून मी त्यांना कधी पाहिलं नाही. घरात त्यांचा एक फोटो होता, हार घातलेला, रेशनकार्डासाठी काढून मग मोठा केलेला. त्यात त्या अशा ताठ बसल्या आहेत की बाई कशी होती याचा काही पत्ता लागत नाही. जिजी गेल्या तेव्हा घरात बटणांचा साधा फोन होता, व्हिडिओ वगैरे नव्हतं काही.

पण जिजी नानांच्या प्रत्येक लग्नात होत्या. नानांचा लाईट त्याच धरायच्या. त्या काळी कॅमेऱ्याला झगझगीत लाईट लागायचा, लांब वायरीचा, आणि तो धरायला माणूस लागायचा. दुसरा माणूस ठेवायचा तर पैसे, शिवाय नानांची किरकिर ऐकून तो टिकायचा नाही. जिजी टिकल्या. एका हातानं पदर, एका हातानं तो तापलेला लाईट वर धरून, नानांच्या उजव्या खांद्याशी उभ्या. वऱ्हाडी त्यांनाच हाका मारायचे, वहिनी जरा इकडे घ्या, वहिनी डोळे दिपले. नाना कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेले, त्यांना कोण हाक मारणार?

म्हणजे बघा, लाईट धरणारी बाई कधी चित्रात येत नाही. आणि नाना तर आवाज ठेवायचेच नाहीत.

एकच जागा अशी होती जिथं नाना कॅमेऱ्याची दांडी वर करत: मंगलाष्टकं. तिथं गाणं टाकलं तर लोक शिव्या देतील, एवढं त्यांना कळत होतं. पण तेवढ्यासाठी त्यांनी जिजींना सक्त ताकीद दिलेली होती की मंगलाष्टक सुरू झालं की तोंड बंद. कॅमेऱ्याचा माईक जवळ असतो, खोकलासुद्धा नको. आणि जिजी ती पाळायच्या.

नानांची एकच लेक. नवापूरला दिलेली, सासरी कोंबड्यांचं मोठं फार्म. ती यायची वर्षातून एकदाच, आखाजीला. खानदेशात अक्षय्यतृतीयेला सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि मांडे खातात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरून ठेवतात. ती यायची, आईच्या नावाची घागर भरायची, स्वयंपाक करायची, आणि बापाशी कामापुरतं बोलायची. वाडग्यात रस वाढून "घ्या" म्हणायचं, एवढंच. मला वाटायचं, नवापूरच्या उन्हानं स्वभाव कडक झाला असेल. मग एकदा वर गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं मला तिच्या लग्नाची हकीकत सांगितली.

तिच्या लग्नाची शूटिंग नानांनी स्वतः केली होती. नातेवाईक म्हणाले, नाना, तुम्ही नवरीना बाप शेतस का शूटिंगवाला? नाना म्हणाले, मन्ही पोरनं लगीन मी दुसराना हातमा देऊ का? आणि जिजींच्या हातात लाईट. नवरीची आई पैठणी नेसून लाईट धरून उभी, असं लग्न नंदुरबारनं त्याआधी पाहिलं नव्हतं. कन्यादानाला नानांनी कॅमेरा स्टँडवर लावला, धावत जाऊन पाटावर बसले, आणि मध्येच उठून फोकस बघून आले. गुरुजींनी संकल्प परत सांगितला.

"आन निघाना वखतले," ती म्हणाली, आणि हातातला टॉवेल पिळतच राहिली. "सगळा रडी ऱ्हायनात. मावशी, काकू, शेजारीण. मी नानाले धुंडी ऱ्हायनी. नाना कॅमेरामांगे. एक डोळा बंद, एक डोळा कॅमेरामा. सगळास्ना बाप रडतांना यास्नी लोकेस्ले दाखाडात, मॅडम. मन्हा बाप रडना नही."

टॉवेलात पाणी उरलं नव्हतं, तरी ती पिळत होती.

जिजींनी त्या लग्नानंतर लाईट खाली ठेवला. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलं होतंच. नानांनी पुढची काही वर्षं पगारी माणूस ठेवून काम केलं, मग तेही सोडलं.

ज्या आखाजीबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी लेक आली तेव्हा मी पेपर तपासत खालीच बसले होते, नानांच्या कूलरसमोर. तिनं घागर भरली, वर आंबा ठेवला, नमस्कार केला आणि उठलीच नाही. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नाना, मी जिजीना आवाज इसरी गई."

नाना थोरलीची धूळ पुसत होते. म्हणाले, "काय?"

"तोंड दिखस. हात दिखतस, बांगड्या बी याद शेत. आवाज येत नही. झोकावर गाणा म्हने ती, गाणा याद शेत मी म्हनू शकस. पन ती ज्या आवाजमा म्हने तो नही येत." मग ती नानांकडे वळली. "एवढी कॅसेट शेत तुमनाकडे. माले तिन्हा आवाज काढी द्या. एक शब्द बी चाली."

ही लेक बापाकडे कित्येक वर्षांत पहिल्यांदा काही मागत होती. नानांनी फडकं ठेवलं. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की त्यांनी याचा आजवर कधी विचारच केला नव्हता. म्हणाले, "काढस. आत्ते काढस."

आणि मग सुरू झालं. पेपर तसेच गठ्ठ्यात राहिले. नाना एकेक कॅसेट काढत, रुमालाला स्पिरिट लावून बुरशी पुसत, थोरलीत घालत, आणि आम्ही तिघं बघत बसत असू. रनाळ्याचं लग्न, नवापूरचं लग्न, तापीकाठच्या केळीवाल्यांचं लग्न. सगळीकडे गाणी. पंगतीला शिट्टी, हळदीला ढोलकी. तोंडं हलताहेत, आवाज नाही. कुणीतरी कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघून हसतंय, काहीतरी उत्तर ऐकून परत हसतंय, म्हणजे जिजी काहीतरी गमतीचं बोलल्या आहेत, आणि वर ते बँडवाल्यांचं आवडतं गाणं चाललंय. नाना पुढे करायचे, मागे करायचे, टीव्हीचा आवाज वाढवायचे. आवाज वाढला की गाणंच वाढायचं.

मंगलाष्टकं आली की आम्ही तिघं टीव्हीला कान लावून ऐकायचो. गुरुजी, कावळे, एखादं पोर, जनरेटरची घरघर. जिजी गप्प. प्रत्येक लग्नात गप्प. एकदा कुणीतरी खोकलं, लेक पुढे सरकली, नाना म्हणाले, "नही. ती खोकस नही. मी सांगेल व्हतं तिले."

हे बोलून त्यांनी ती कॅसेट बाहेर काढली.

मला मात्र बघता बघता एक गोष्ट दिसायला लागली, आणि मी ती बोलून दाखवली. लाईट नवरदेवावर टिकत नव्हता. चित्रात नवरा मध्यभागी, पण उजेड हळूच डावीकडे सरकायचा. पंगतीच्या टोकाला एकटीच जेवणाऱ्या म्हातारीवर. नवरीच्या धाकट्या बहिणीवर, जिला नवीन फ्रॉक मिळालेला नाही. एका लग्नात तर नवरा-नवरी सप्तपदी चालताहेत आणि लाईट सगळा आचाऱ्यावर, कारण त्याचा हात भाजलाय आणि तो बादलीत बुडवून उभा आहे. मग उजेड झटकन परत नवऱ्यावर यायचा, म्हणजे नाना ओरडलेले असणार.

"ओरडत व्हतू ना," नाना म्हणाले. "हर लगीनमा. लाईट नवरदेववर ठेव, लाईट नवरदेववर ठेव. ऐके नही."

"हाई जिजी शे," लेक म्हणाली. ती टीव्हीच्या इतकी जवळ बसली होती की तिच्या तोंडावर त्या लग्नाचा उजेड पडला होता. "अशीच देखे ती."

पण आवाज नाही तो नाहीच. चार दिवस असे गेले. तिला परत नवापूरला जायचं होतं, सासरहून फोन यायला लागले. नानांचं खाणं कमी झालं. त्यांनी दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या घरीही चक्कर मारली, तुमच्याकडं काही आहे का म्हणून. लोकांनी हौसेनं कॅसेटी काढून दिल्या, त्यांच्यावरही नानांचीच गाणी. एका घरी तर त्यांचं कौतुक झालं, की नाना, तुमच्यासारखी गाणी कुणी टाकत नाही आता. नाना तिथून चहा न पिता परत आले.

मला नानांचा राग येत होता, खोटं कशाला बोलू. आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

त्या दुपारी जेवताना मला आमच्या घरची गंमत आठवली. माझ्या भावाच्या बारशाची कॅसेट होती, आणि आमच्या वडिलांनी तिच्यावर क्रिकेटची मॅच उतरवून घेतली होती. आईनं महिनाभर अबोला धरला. पण मॅच कॅसेटीपेक्षा लहान होती. मॅच संपली की खरखर व्हायची, आणि मग अचानक बारशाचा उरलेला तुकडा लागायचा, आत्या नाव सांगायला वाकलेली. आम्ही मुद्दाम मॅच पुढे पळवून तेवढा तुकडा बघायचो.

मी हातातला घास खाली ठेवला. "नाना, कॅमेऱ्याच्या कॅसेटी कुठायत? ज्यांच्यावर तुम्ही परत परत उतरवायचात त्या?"

"त्या भंगार शेत. माळावर."

"त्यांच्या शेवटी बघायचं. नंतरचं लग्न लहान असेल तर आधीचं शेवटी उरलेलं असणार."

आयुष्यभर हे यंत्र वापरलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही, पण शेवटची खरखर लागली की कॅसेट बाहेर काढायची, ही हाताची सवय. तिच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. शिडी मी धरली, माळ्यावरची पेटी त्यांनीच उतरवली.

या कॅसेटींवर नाव नव्हतं, गाव नव्हतं. एकेक शेवटपर्यंत पळवायची. खरखर, निळा पडदा, आणि मग कधी काही, कधी काहीच नाही. आणि जे लागायचं त्याला आवाज होता. पहिल्यांदाच त्या खोलीत गाणं नसलेली लग्नं लागत होती. एका बाईनं विचारलं, वांगी संपली का. कुणीतरी ट्रॅक्टर मागे घे, मागे घे म्हणत होतं. एका ठिकाणी ढोलाचे शेवटचे ठोके लागले, घाटातला तो मोठा ढोल असावा. टीव्हीचा स्पीकर फाटेल असा. नाना टीव्हीकडे बघत होते आणि त्यांचा हात आवाज कमी करायला पुढे गेला नाही.

पेटी संपत आली तेव्हा रनाळ्याच्या एका लग्नानंतर निळं झालं, खरखर झाली, आणि रिकामा मंडप लागला. लेक म्हणाली, "हाऊ मन्हा मांडव शे."

खुर्च्या एकावर एक रचलेल्या. पत्रावळींचा ढीग. लाईट त्यांच्यावरून सावकाश फिरत होता. मग अगदी जवळून एका बाईचा आवाज आला, घोगरा, दमलेला.

"गई पोर. आते तरी ते खाले ठेवा."

लेकीनं मान वळवून नानांकडे पाहिलं. नानांनी हो म्हणून मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणाली, "एवढा जाडा व्हता आवाज?"

टीव्हीतले नाना म्हणाले, "पट्टी बाकी शे. रिकामा मांडव लेवाना शे. लाईट धर तू."

"रिकामा मांडव कोण देखी?"

"धर ना."

उजेड थोडा वेळ खुर्च्यांवर राहिला. एका लहान मुलाच्या चपलेवर गेला, तिथं थांबला. मग वळला. वळून वळून सरळ कॅमेऱ्यावर आला आणि सगळा पडदा पांढरा झाला. काही दिसेना. फक्त आवाज.

"लाईट काढ," टीव्हीतले नाना म्हणाले. "चित्र जळी जाई."

"तुम्ही रडी ऱ्हायनात."

"लाईट बाजूले कर."

"नही करत." आणि मग जिजींचा तो घोगरा आवाज एकदम खाली आला, समजावल्यासारखा. "रडी ल्या. गाडी लांब गई. तिले आयकाले येवाव नही."

त्यानंतर माईकच्या अगदी जवळ एक पुरुष रडायला लागला. आधी दाबून, मग न दाबता. पडदा पांढराच होता. ते किती वेळ चाललं मी सांगू शकत नाही, मी खाली बघत होते. मग पट्टी संपली आणि थोरली खट्ट करून आपली आपण थांबली.

कूलर चालू होता. नाना उठले, उगीचच मिक्सरची वायर बघितली, बसवली, परत काढली.

"चित्र त वाया गयं," ते म्हणाले. "आवाज बी खराब शे. म्हनशी त खाले एखादं गाणं..."

"परत लावा, नाना," लेक म्हणाली. "तुम्ही रडतस तठून."